दुसऱ्या दिवशीचं पाणी

मूत्रपिंडाच्या माथ्यावर मसुरीएवढी ग्रंथी.
पाठीवर दोन चिरा, बारीक चिमटा, दोन-दोन टाके.
उट्रेख्टमधल्या या तिसऱ्या मजल्यावर
आठवड्याला चोवीस उंदरांच्या मी काढते.
हात आता थरथरत नाही.

ग्रंथी गेली की अंगात मीठ थांबत नाही,
म्हणून त्यांच्या पिंजऱ्यात दोन बाटल्या:
एक साधी, एक खारी, लिटरला नऊ ग्रॅम.
कुणी शिकवत नाही,
तरी दुसऱ्या सकाळी खारी बाटली रिकामी
आणि साधी जवळजवळ तशीच.
खाल्ल्या मिठाला जागणारे म्हणतात ते हेच असावेत.

बाकी ते खातात, एकमेकांच्या पोटाखाली नाक खुपसून झोपतात.
फक्त दिवस कलताना,
जेव्हा इतर उंदरांच्या रक्तात
कॉर्टिकोस्टेरॉन भरतीसारखं चढतं
(त्यांची सकाळ रात्री होते),
यांच्याकडे ओहोटी ती ओहोटीच.
मेंदूच्या तळाशी बसलेली ग्रंथी हाका मारते,
खालून ‘पोचलं, पुरे कर’ म्हणायला कुणी नाही,
म्हणून ती अजून मोठ्याने मारते.
नळीतल्या रक्तात मी ती हाक मोजते.
आकडा कागदाबाहेर जातो.

सोमवारी काचेचं नळकांडं, पंचवीस अंश पाणी, पंधरा मिनिटं.
सगळेच उंदीर आधी काच ओरबाडतात,
बुडी मारून तळ चाचपतात,
मग हळूहळू थांबतात,
नाकपुड्या तेवढ्या वर.
टॉवेलने पुसून, दिव्याखाली ऊब देऊन परत पिंजऱ्यात.

मंगळवारी तेच पाणी.
ग्रंथीवाला उंदीर दोन चकरा मारतो आणि थांबतो:
हे पाणी पाहिलंय मी.
ग्रंथी नसलेला
पुन्हा पहिल्यापासून काच ओरबाडतो,
जणू सोमवार त्याच्या आयुष्यात आलाच नव्हता.
पण सोमवारी, टॉवेलनंतर लगेच,
त्याला ते संप्रेरक सुईने दिलेलं असेल
तर मंगळवारी तोही थांबतो.

मला वाटायचं, भीती म्हणजेच हा रस.
तसं नाही.
भीती त्याच्याआधीच येऊन गेलेली असते.
हा मागून येतो, उशिरा,
दिवे मालवतो, दार लावतो,
आणि जाता जाता काय घडलं ते लिहून ठेवतो.

डॉ. फेर्हाखे तक्त्यात थांबण्याच्या सेकंदांवर
‘निराशा’ असा मथळा देतात.
सगळेच देतात, ते म्हणाले,
शब्द रुळलाय, याकोमिना.

माझी आई झेलँडची. त्रेपन्न साली अकरा वर्षांची.
बांध फुटला त्या रात्री
गोठ्याच्या दाराला धरून ती सकाळपर्यंत पाण्यात होती.
भाऊ पोहत निघाला होता, चर्चच्या दिव्याकडे.
त्याच्याबद्दल ती एवढंच सांगते:
‘फार छान पोहायचा.’
पाणी ओसरल्यावर शेतांनी खाल्लेलं मीठ
कितीतरी हंगाम ओकत राहिली.
अजूनही वायव्येचा वारा सुटला
की आई झोपताना बूट पलंगापाशी ठेवते,
टोकं दाराकडे.
आणि गाढ झोपते.

रविवारी बटाटे सोलता सोलता मी विचारलं,
त्या दाराला धरून तू काय करत होतीस?
‘काही नाही,’ ती म्हणाली.
मग सुरी थांबवून,
मी काहीतरी चुकीचं ऐकेन अशा धास्तीने:
‘काही न करणं करत होते.
हनुवटी वर ठेवून.
सोपं नसतं ते.’

तक्ता डॉक्टरांचा, त्यात मी हात घालत नाही.
माझ्या नोंदवहीत मात्र
उंदीर क्रमांक सतरा, मंगळवार, दुसरं मिनिट:
‘तरंगला.’
खाली सेकंद.
मग उद्याच्या बाटल्यांसाठी
नऊ ग्रॅम, नऊ ग्रॅम, नऊ ग्रॅम
वजनकाट्यावर मीठ.